डावीकडे कुणीच नव्हतं

१२ मार्च

डोक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज चार ओळी लिहीत जा, मेंदूला व्यायाम होतो. मी म्हटलं, डॉक्टर, मी मोटारसायकलच्या शर्यती पळतो, माझं लिहिणं सही करण्यापुरतं. ते हसले नाहीत. ताईने मात्र येताना वाटेत वही घेतलीच. डॉक्टरांनी काही सांगावं आणि ताईने ते ऐकू नये, असं आमच्या घरात झालेलं नाही.

तर लिहितो. परवा सरावात पडलो. मागचं चाक सटकलं, त्याने रस्ता एकदम परत पकडला, आणि गाडीने मला उचलून आभाळात भिरकावलं. हे मी ऐकीव सांगतोय. मला आठवतं ते वळण, आणि मग एकदम दवाखान्याचं पांढरं छत. मधलं काही नाहीच. पडण्याचं मला कौतुक नाही, दोन्ही खांद्यांची हाडं मोडून झाली आहेत, पण आयुष्यातला एक तुकडा कुणीतरी कात्रीने कापून नेला याचा जबर धक्का बसला. हेल्मेटला उजवीकडे अशी चीर गेली आहे की तीत बोट जातं, आणि डोक्याला तिथेच चार टाके पडले. डोक्याचा फोटो मात्र साफ निघाला. "आत काही नाही," असं डॉक्टर म्हणाले. "ते आम्हाला आधीच माहीत होतं," असं ताई म्हणाली.

आत्ताच पडायला नको होतं, एवढंच. गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या मोठ्या संघात पुढच्या वर्षासाठी एकच जागा रिकामी होते आहे, आणि तिच्यासाठी दोन नावं चालू आहेत. एक माझं, एक बगळ्याचं. बगळा म्हणजे शेजारच्या संघाचा उंच, लुकडा, मान वाकवून गाडीवर बसणारा प्राणी, माझा बरोबरीचा. आम्ही पहिल्या वर्षी एका खोलीत राहिलो, एकमेकांचे मोजे घातले आणि ट्रॅकवर एकमेकांना एकदाही जागा दिली नाही. दोघेही तेहतिशीचे. ही जागा ज्याची हुकेल त्याच्याकडे पुढच्या वर्षी कुणी ढुंकून बघणार नाही. ५ एप्रिलची शर्यत बघायला मोठे साहेब स्वतः येणार आहेत.

म्हणजे ५ एप्रिलला मी गाडीवर पाहिजे. बस.

१६ मार्च

ट्रॅकच्या डॉक्टरांनी पास केलं! उस्ताद (माझा मुख्य मेकॅनिक, गाडीशी बोलतो, माणसांशी कमी) चक्क हसला.

ही तपासणी कशी असते ते लिहून ठेवतो, म्हातारपणी मजा येईल. हंगामाच्या सुरुवातीला आम्हा सगळ्यांना संगणकासमोर बसवतात. चित्रं दाखवतात, लक्षात ठेवायला सांगतात, बटणं दाबायला लावतात. मग पुढे कुणी डोक्यावर पडला की तीच परीक्षा परत घेतात आणि आधीच्या गुणांशी ताडून बघतात. आता आम्ही काय दुधखुळे आहोत? सुरुवातीची परीक्षा प्रत्येक जण मुद्दाम वाईट देतो. हत्ती दिसला तर उंट दाबायचा, मधेच जांभई द्यायची. मी तर यंदा इतका मठ्ठ निघालो होतो की आज पडल्यावर माझी बुद्धी वाढलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, "छान आहे." छान असणारच.

नंतर ते समोर बसतात, नाकाकडे बघ म्हणतात आणि दोन्ही हात बाजूला धरून बोटं हलवतात, कुठलं हललं ते सांगायचं. त्याचंही गुपित आहे. ज्या बाजूचं बोट हलवायचं तिकडे डॉक्टरांची स्वतःची नजर आधी जाते. आपण त्यांचे डोळे वाचायचे. बोटांकडे लक्ष द्यायची गरजच नाही. डावं, उजवं, डावं, दोन्ही. सगळी बरोबर.

जेवताना ताईला हे सांगितलं. तिने हसावं अशी माझी अपेक्षा होती. तिने विचारलं, "पण बोटं दिसत होती ना तुला?" अगं, दिसत असणारच. बघितली कुणी?

२० मार्च

डोकं थोडं ठणकतं, उजव्या बाजूला. टाके सुकत असतील.

ताईचं हल्ली कशातच लक्ष नाही. आज पानात बटाट्याची भाजीच वाढली नाही. मी अर्धी पोळी कोरडी खाल्ली आणि मग विचारलं, भाजी विसरलीस का? ती माझ्याकडे बघत राहिली. मग काही न बोलता ताट गोल फिरवलं, तर भाजी होती. म्हणजे मी मान खाली घालून खात असताना तिने वाढली असणार. मग तोंडाने सांगायला काय झालं?

शिवाय दाराच्या चौकटीने डावा खांदा परत सोलपटला. या घराची दारं कुणी बनवली कोण जाणे.

वही बघून म्हणाली, "डावीकडे एवढा समास कशाला सोडतोस? कागद फुकट येतो का?" मी म्हटलं, मास्तरीण तूच, समास सोडायला तूच शिकवलंस. ताई शाळेत गणित शिकवायची. मी मोठ्या शर्यतीत उतरलो तेव्हा ती नोकरी सोडून शर्यतीत मला दाखवायचा बोर्ड धरायला आली, ती आजतागायत.

२४ मार्च

ट्रॅकवर पहिला दिवस. उजव्या वळणांवर लोण्यातून सुरी. डाव्या वळणांवर मात्र गाडी नाटकं करते. आत झुकवली की कळतच नाही कुठे चाललोय, कडेचा पांढरा पट्टा एकदम टायरखालीच उगवतो. मी उस्तादला म्हटलं, पुढचं सस्पेन्शन डावीकडे बसतंय. त्याने ते खोललं, मोजलं, परत बसवलं. म्हणाला, "मला तर काही दिसत नाही." मी म्हटलं, गाडीवर मी बसतो की तू? यावर आमच्या धंद्यात कुणी बोलत नाही. चालवणारा म्हणेल ते खरं. त्याने मुकाट्याने टायर बदलले.

पण खरं भांडण ताईशी झालं. शर्यतीत आमच्याशी कुणी बोलू शकत नाही, म्हणून दर फेरीला सरळ रस्त्यावर, डाव्या हाताच्या भिंतीवरून आपला माणूस बोर्ड बाहेर धरतो. कितवा आहेस, किती फेऱ्या उरल्या, मागचा किती लांब. पापणी लवेपर्यंत वाचायचं. ताईचा बोर्ड म्हणजे माझा देव. मी खूप पुढे असलो की ती शेवटच्या फेरीला खाली "बटाटे" असं लिहायची, म्हणजे उगाच मरायला जाऊ नकोस, घरी जेवायला ये.

आज तिने बोर्ड दाखवलाच नाही. एकदा नाही, तीन-चारदा. मी आत येऊन हेल्मेट काढायच्या आधी ओरडलो. ती म्हणाली, "प्रत्येक फेरीला दाखवला."

"मग मी आंधळा आहे का?"

ती बोर्डावरचे आकडे काढायला लागली. चूक झाली तर झाली म्हणावं, मी काय तिला खाणार आहे? तर उलट हळूच म्हणते कशी, "नाचता येईना अंगण वाकडं." सगळ्या मेकॅनिकांसमोर!

२७ मार्च

बगळा येऊन बसला होता म्हणे माझ्या शेजारी, कॅन्टीनमध्ये. मला पत्ता नाही. तो म्हणाला, "काय भुंग्या, मोठ्या संघात जायच्या आधीच ओळख विसरलास?" मी दचकून कॉफी सांडली. मांजरासारखा येतो लेकाचा. त्याला माझ्या फेऱ्यांच्या वेळा माहीत होत्या. म्हणाला, "डाव्या वळणांना आजी झालायस की रे." मी म्हटलं, गाडी वाईट आहे. "गाडी वाईट असते तेव्हा तू शिव्या देतोस, आज नुसता गप्प आहेस," असं म्हणाला आणि माझं बिस्किट खाऊन गेला.

ताई हल्ली चालताना, बसताना माझ्या उजव्याच बाजूला असते. रस्ता ओलांडताना दंड धरते. मी तेहतीस वर्षांचा घोडा. लोक बघतात.

३१ मार्च

पेन इतकं दाबून लिहितोय की कागद फाटेल.

आज सकाळी ट्रॅकच्या डॉक्टरांनी बोलावलं. आत मॅनेजर बसलेला. म्हणाले, तक्रार आली आहे की तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, परत तपासणी करू. कुणी केली तक्रार? मला वाटलं बगळ्याचा संघ. जागेसाठी माणूस काय करणार नाही!

ताईने केली. माझ्या ताईने. मॅनेजरकडे गेली, त्याने ऐकलं नाही म्हणून डॉक्टरांकडे गेली. मला एका शब्दाने न विचारता.

मी परीक्षा दिली. तीच चित्रं, तेच हत्ती, तेच उंट. तीच बोटं, तेच डॉक्टरांचे डोळे. पास. मॅनेजर म्हणाला, "बाई माणूस आहे, काळजी वाटते. जाऊ द्या."

बाहेर ती भिंतीला टेकून उभी होती. मी विचारलं, "घरचा भेदी ऐकलं होतं, बघितला आज. का केलंस?"

"मी तुला गेला आठवडाभर सांगतेय, डोळे दाखव म्हणून. तू ऐकलंस?"

"मी पास झालोय."

"तू कसा पास होतोस ते तूच मला सांगितलंस, छोट्या."

"मग सांग जाऊन त्यांना! सगळ्यांचं सांग! आमच्यातला एकही जण गाडीवर दिसणार नाही."

"सांगितलं. मॅनेजर म्हणाला, त्या भानगडीत पडू नका."

मला एवढंच ऐकू आलं की तिने आमचं गुपित फोडलं. मी म्हटलं, बोर्ड खाली ठेव. उद्यापासून टायरवाला धरेल. तू घरी जा. तिने बोर्ड पायाशी ठेवला, आकड्यांची पेटी त्यावर ठेवली, आणि गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

४ एप्रिल

उद्याच्या शर्यतीसाठी पाचवा. बगळा सहावा, माझ्याच मागे. डावी वळणं तशीच. उस्ताद म्हणतो गाडीचा नट न नट तपासून झालाय. टायरवालाही बोर्ड नीट धरत नाही. या लोकांना साधी फळी धरता येत नाही.

ताईचा फोन नाही. मीही केला नाही. डोकं फार दुखतंय. गोळी घेतली.

५ एप्रिल

बगळा पडला. माझ्यामुळे पडला म्हणतात.

सरळ रस्ता संपला, मी ब्रेक मारला, डावीकडे वळलो. डावीकडे कुणीच नव्हतं. शपथ, कुणीच नव्हतं. आणि कशाला तरी जोरात आपटलो, भिंतीला आपटावं तसा. मी वाळूत घसरत गेलो, उठलो. मला खरचटलंसुद्धा नाही. मागे वळून बघितलं तर निळी गाडी उलटी पडलेली आणि तिच्याखाली तो. मागून येणाऱ्या कुणीतरी त्याला... मी नाही लिहीत.

लाल झेंडे लागले, शर्यत थांबली. मी धावत गेलो तर लोकांनी मला धरलं. बगळा शुद्धीत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

कुठून आला तो? आकाशातून पडला का?

६ एप्रिल

बगळ्याचा उजवा पाय मांडीतून काढला.

हे वाक्य मी चारदा लिहून खोडलं. मॅनेजरने फोनवर सांगितलं, जसं काही शर्यतीचा निकाल सांगतोय. मी "बरं" म्हटलं. बरं काय बरं! दिवसभर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होतो. पाय हलवून बघत होतो, माझे.

उद्या पंचांसमोर चौकशी. बगळ्याच्या संघाने लेखी दिलं आहे की मी जागेसाठी त्याला मुद्दाम उडवलं. त्याच्यासाठी माझा जीव तुटतोय, पण खोटं ते खोटं. माझ्या गाडीवर कॅमेरा आहे. काय ते दिसेलच.

७ एप्रिल

जसं झालं तसं लिहितो. पुढेमागे करत नाही.

लांब टेबल. पलीकडे तीन पंच, कोपऱ्यात ट्रॅकचे डॉक्टर. अलीकडे मी, मॅनेजर, उस्ताद. ताईलाही बोलावलं होतं, तक्रार तिची होती म्हणून. ती माझ्या उजव्या हाताला बसली. समोर भिंतीवर मोठा पडदा.

मधल्या पंचांनी विचारलं, "तो शेजारी आल्याचं तुम्हाला कळलं नाही?"

"शेजारी नव्हताच. चित्र लावा, म्हणजे कळेल."

त्यांनी लावलं. माझ्या गाडीच्या नाकावरून दिसणारा रस्ता, माझा हातमोजा, वेगाचा काटा, पुढच्या गाड्यांची मागची चाकं. वळण आलं. रस्ता मोकळा. मग धडक, आभाळ, वाळू.

मला इतकं हायसं वाटलं! मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "बघितलंत? रस्ता रिकामा आहे. आहे का कुणी?"

तिन्ही पंच पडद्याकडे नाही, माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, परत लावा, सावकाश. त्यांनी सावकाश लावलं. मी पडद्याजवळ जाऊन बोट ठेवून दाखवलं, हा मी, हा रस्ता, कुठाय बगळा? दाखवा ना! मागे वळलो तर उस्तादने तोंडावर हात घेतला होता. मॅनेजर खाली बघत होता. मधले पंच म्हणाले, "तुम्ही आमची चेष्टा करताय का?" आणि डॉक्टर त्यांना म्हणाले, "थांबा. ते चेष्टा करत नाहीयेत."

ताई उठली. माझ्याजवळ आली, लहानपणी भांग पाडताना धरायची तशी माझी हनुवटी धरली आणि मान डावीकडे फिरवली. "इकडे, छोट्या. इकडे बघ."

पडदा अजून शिल्लक होता.

मी जो बघत होतो तो अर्धा पडदा होता. डावीकडे आणखी तेवढाच. त्यात सबंध सरळ रस्ताभर निळी गाडी माझ्या गुडघ्याला लागून. बगळ्याचं वाकलेलं हेल्मेट. त्याचा हात. इतका जवळ की मी कोपर उचललं असतं तर लागलं असतं. आणि त्याच्यामागे भिंत, भिंतीवर टायरवाला कमरेपर्यंत बाहेर लोंबकळत बोर्ड धरून. मान सोडली की सगळं गेलं. परत फिरवली की सगळं आलं. मी तीन-चारदा करून बघितलं, वेड लागल्यासारखं.

मग त्यांनी २४ तारखेच्या सरावाचं लावलं. प्रत्येक फेरीला ताई तिथे आहे. पहिल्या फेरीत सरळ उभी. नंतर वाकलेली. शेवटी तर भिंतीवर चढून, एक हात खांबाला, दुसऱ्या हाताने बोर्ड माझ्या अंगावर येईल इतका पुढे काढून, आणि तोंडाने काहीतरी ओरडतेय. माझं नावच ओरडत असणार.

डॉक्टर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. हात बाजूला धरले. ताई म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही डोळे मिटून घ्या." त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. डोळे मिटून त्यांनी विचारलं, "कुठलं बोट हलतंय?"

मी वाट बघितली. म्हटलं, "हलवा की."

"मी केव्हाचा हलवतोय," डॉक्टर म्हणाले.

८ एप्रिल

ताई लिहितेय. तो सांगतोय ते लिहून घेतेय, मी मधे काही घालत नाही.

डोक्यात उजव्या बाजूला रक्त साचलंय. पडलो तेव्हा अगदी बारीक गळती असेल, फोटोत आली नाही, मग थेंब थेंब वाढत गेलं. उजवीकडचा मेंदू डावीकडचं बघतो म्हणे. मजा अशी की डोळे ठणठणीत आहेत. दिसत नाही हेच मेंदूला कळत नाही. अंधार दिसला असता तर मी बोललो असतो ना. अंधारसुद्धा दिसत नव्हता. डावीकडे जग होतं हेच मी विसरलो होतो.

उद्या भोक पाडून रक्त काढणार. मी डॉक्टरांना विचारलं, मार्चमधेच कळलं असतं तर? ते म्हणाले, तर हेच भोक मार्चमधे पाडलं असतं.

ताई, हे पण लिही. लिहिलं का? बरं.

२१ एप्रिल

डोक्याला टाके आहेत, केस नाहीत. नजर बरीचशी परत आली. डावीकडे अजून कडेला धुकं आहे, ते राहील किंवा जाईल. गाडी कायमची बंद. हे ऐकून मला काहीच झालं नाही, त्याचं मलाच आश्चर्य वाटलं.

आज वही चाळली. १२ मार्चला डावीकडे बोटभर समास आहे. मग दोन बोटं. ५ एप्रिलचं पान उजव्या अर्ध्यातच कोंबलेलं आहे, डावं अर्धं कोरं. मी त्या कोऱ्या जागेकडे बघत बसलो. ही जागा रोज माझ्या हाताखाली होती.

ट्रॅकचे डॉक्टर घरी येऊन गेले. मी त्यांना हत्ती-उंट सगळं सांगितलं, कुणाचं नाव न घेता. ते म्हणाले, नावं कशाला हवीत, सगळ्यांचीच परत घेणार आहोत. आता एकही पोरगा माझ्याशी बोलत नाही. फोन बंद, निरोप बंद. टायरवाला तेवढा येऊन गेला. म्हणाला, मी फळी नीट धरली होती, तुमची शपथ. मी म्हटलं, माहीत आहे. बिचारा रडायलाच लागला.

पंचांनी निकाल दिला की मी मुद्दाम केलं नाही. लोक येऊन अभिनंदन करतात. कशाचं?

३ मे

बगळ्याला भेटायला गेलो. ताई सोबत आली, बाहेर बाकावर बसली. म्हणाली, "हे तुझं तू कर."

खिडकीजवळची खाट. चादर एका बाजूला उंच, एका बाजूला सपाट. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवून गेलो होतो आणि आधी तिकडेच बघितलं. तो म्हणाला, "बघ बघ. लाजतोस कशाला, हे तुला उजवीकडे आहे, दिसेल." मला हसू आलं. मी खुर्ची घेऊन बसलो.

त्याने सपाट बाजूची चादर ओढून सारखी केली. मग म्हणाला, "निकाल वाचला मी. दिसत नव्हतं म्हणे तुला."

"नव्हतं."

"खोटं बोलू नकोस. तू माझ्याकडे बघितलंस."

मला काही कळेना. तो उशीवर जरा वर सरकला. "सरळ रस्ता संपता संपता तू मान वळवलीस. डावीकडे, माझ्याकडे. मी काय आंधळा आहे का? इतक्या वर्षांत तू कधी बघितलं नव्हतंस. बघितलं म्हणजे जागा दिली, हे आपल्यात शेंबड्या पोराला कळतं. मला वाटलं, लेकाचा म्हातारपणी सुधारला. भुंग्याने मला जागा दिली! हेल्मेटच्या आत मी हसलो रे. ब्रेक सोडले आणि आत आलो. आणि तू बघून सवरून माझ्या अंगावर घातलीस."

म्हणून तो वाळूतून माझ्याकडे तसा बघत होता. महिनाभर या खाटेवर पडून तो हेच बघत असणार.

मी म्हटलं, "मी बोर्ड शोधत होतो."

"काय?"

"दिसत नव्हता कित्येक दिवस. मला वाटायचं, दाखवतच नाहीत. म्हणून जरा मान वळवून भिंतीकडे बघितलं, पण तेवढी वळवून पुरलं नाही. तुझ्याकडे नाही. तू मला दिसलाच नाहीस."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला पटतंय हे मला दिसत होतं, आणि पटताना त्याचा चेहरा आणखी वाईट होत गेला.

"म्हणजे तू मला जागाही दिली नाहीस, पाडलंही नाहीस," तो म्हणाला. "म्हणजे मी नव्हतोच तिथे."

मी होय म्हणून मान हलवली.

"मुद्दाम पाडलं असतंस तर बरं झालं असतं रे. महिनाभर मी तुला मनात रोज मारतोय. सकाळी उठून तेवढं एक काम असतं मला. आता मी रागवू कुणावर?"

"माझ्यावर," मी म्हटलं. "ताईने सगळ्यांना सांगितलं होतं शर्यतीच्या आधी. मॅनेजरला, डॉक्टरांना. मी तपासणीत गंडवलं आणि तिलाच हाकललं. ती बोर्ड धरून तिथे असती, मी तिचं ऐकलं असतं, तर तू... माझ्यावर रागव. तू रागवावंस म्हणूनच आलोय."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "मीही तेच केलं असतं," तो म्हणाला. "तपासणीत. त्या जागेसाठी." मग म्हणाला, "ताईने सांगितलं होतं?"

"हो."

"कुठाय ती?"

"बाहेर."

"तिला आत पाठव. तू नको येऊस."

मी बाहेर आलो. ताईला सांगितलं. तिने पदर सारखा केला, आत गेली, दार ओढून घेतलं. मी तिच्या जागेवर बसलो. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग बगळ्याचा आवाज आला. पहिल्या वर्षीच्या त्या खोलीत त्याचा बाप गेल्याचा फोन आला होता, तेव्हाही तो रडला नव्हता. आज तो लहान मुलासारखा मोठ्याने रडत होता. माझा हात दोनदा दारापर्यंत गेला. मी तो मागे घेतला आणि बाहेरच बसून राहिलो.